एक कंटेनर, अनेक तऱ्हेचा माल

घरबांधणीचे सामान परदेशातून मागवणे आता फक्त मोठ्या बिल्डरांपुरते राहिलेले नाही. सहा घरांचा प्रकल्प करणारा कंत्राटदार असो की बाजारपेठेतला हार्डवेअरवाला, टाइल, कमोड, नळ, दिवे आणि अॅल्युमिनियम एकाच कंटेनरमध्ये भरता येईल का, असे विचारणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत. त्यांतली निवडक पत्रे आणि आमची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : सहा बंगल्यांसाठी चीनमधल्या फोशानहून ९०० चौरस मीटर व्हिट्रिफाइड टाइल (६० × ६० सें.मी.), २४ कमोड, २४ बेसिन, नळ-शॉवरची ६० खोकी, दिव्यांची ४० खोकी आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचे दीड टन प्रोफाइल मागवायचे आहे. पुरवठादार म्हणतो, २० फुटी कंटेनरात सगळे बसेल. त्याच्यावर विश्वास ठेवावा का?
— कंत्राटदार, मडगाव

ठेवू नये. कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केलात तर कारण तुम्हालाच दिसेल.

आधी डब्याची मापे पाहू. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९० मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. आतली जागा ३३ घनमीटर, माल जास्तीत जास्त २८ टनांच्या आसपास. ४० फुटी हायक्यूबची, म्हणजे जादा उंचीच्या डब्याची, लांबी १२.०३ मीटर, उंची २.७० मीटर आणि जागा ७६ घनमीटर. माल मात्र साडेसव्वीस टनांच्या जवळपासच, कारण एकूण वजनाची मर्यादा जवळजवळ तीच आणि डब्याचे स्वतःचे वजन जास्त. म्हणजे लांबी दुप्पट झाली तरी वजन वाहण्याची ताकद वाढत नाही. नवखा माणूस पहिल्यांदा फसतो तो इथेच. डब्यावर नेमके किती वजन चालते ते त्याच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेले असते, ते भरण्याआधी मागवून घ्या.

आता तुमचा माल. ९ मि.मी. जाडीच्या टाइलचे वजन चौरस मीटरला २० किलोच्या आसपास. चार टाइलच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर आणि वजन सुमारे २९ किलो. ९०० चौरस मीटरसाठी ६२५ खोकी, म्हणजे १८ टनांहून थोडे जास्त; जागा मात्र जेमतेम साडेनऊ घनमीटर. कमोड खोक्यासह ४५ किलोचा धरला तर २४ कमोडांचे १,०८० किलो, जागा सहा घनमीटर. बेसिन साडेतीनशे किलो, दोन घनमीटर. नळ-शॉवर १,०८० किलो, अडीच घनमीटर. दिवे ३२० किलो, अडीच घनमीटर. अॅल्युमिनियम दीड टन, पेट्यांसकट आठ घनमीटर. पॅलेट (खोकी रचायची लाकडी बैठक) आणि टेकूचे लाकूड सहाशे किलो धरा. बेरीज येते सुमारे २३ टन आणि ३० घनमीटर.

वजन २० फुटीत बसते. जागा कागदावर बसते, प्रत्यक्षात नाही. वेगवेगळ्या आकाराची खोकी रचताना ३३ पैकी २६ ते २८ घनमीटरच हाती लागते, बाकी फटी, पॅलेटची उंची आणि टेकू यांत जाते. शिवाय अॅल्युमिनियमचे प्रोफाइल साधारणपणे सहा मीटर लांबीचे येते आणि २० फुटीची आतली लांबी आहे ५.९०! ते तिरके घालू म्हणणारा पुरवठादार भेटला तर त्याला तिथेच थांबवा. २० फुटीसाठी प्रोफाइल ५.८ मीटरला कापून मागवायचे असते आणि तसे ऑर्डरमध्ये लिहायचे असते. मग खिडक्यांचे कटिंगही त्या लांबीवर बसवावे लागते, नाहीतर तुकडे वाया जातात.

तुमच्यासाठी ४० फुटी हायक्यूब योग्य. पण तो कसा भरायचा यावर सगळे अवलंबून आहे.

उभ्या खोक्यांचे एक पॅलेट २७ खोक्यांचे, म्हणजे पाऊण टनाच्या वर. अशी २४ पॅलेट होतील, दोन ओळींत बारा जोड्या. पुढच्या भिंतीला चिकटवून सलग लावली तर टाइल पहिल्या पावणेनऊ मीटरमध्ये संपतील आणि मागच्या सव्वातीन मीटरमध्ये हलका माल येईल. दिसायला नीटनेटके, पण मग भाराचा मध्य पुढच्या भिंतीपासून पाच मीटरच्या थोडा पुढे येतो. तो डब्याच्या मध्यापासून, म्हणजे सहा मीटरच्या खुणेपासून, ६० सें.मी.च्या आत असावा. लांबीच्या पाच टक्के हा कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेतला मापदंड आहे. क्रेनने उचलताना एका बाजूला कललेला डबा आणि एकाच एक्सलवर बसलेला ट्रेलर ही दोन्ही त्या चुकीचीच फळे. म्हणून पॅलेटच्या जोड्यांमध्ये पंधरा सें.मी.ची जागा ठेवून लाकडी चौकटी घट्ट बसवा. टाइल मग सव्वादहा मीटरपर्यंत पसरतात आणि भार मध्यावर येतो. ४० फुटीच्या तळाला मीटरमागे तीन टनांहून जास्त भार देऊ नये, २० फुटीला साडेचार टनांहून जास्त नको. या रचनेत तुमचा आकडा त्या मर्यादेच्या बराच आत राहतो.

टाइलच्या पॅलेटची उंची पाऊण मीटरच्या आसपास. त्यांच्यावर १२ मि.मी. प्लायचा सलग पाट टाका. तो टाकल्याशिवाय वरची खोकी पॅलेटांच्या कडांवर बसून खचतात. पाटावर कमोड दोन थरांत, एका बाजूला लांबीच्या दिशेने अॅल्युमिनियमचे गठ्ठे. दाराकडच्या पावणेदोन मीटरमध्ये नळ, दिवे आणि बेसिन. खोक्यावर किती थर चालतील ते छापलेले असते. कमोडच्या खोक्यावर दोन लिहिले असतील तर तिसरा चढवू नका, मग वर कितीही जागा रिकामी दिसली तरी.

आता राहिली घट्ट बसवण्याची गोष्ट. समुद्रात आडवा हेलकावा मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर लावतो. ट्रेलरने जोरात ब्रेक मारला तर पुढच्या दिशेनेही तेवढाच. १८ टन टाइल म्हणजे १४ टनांहून अधिक रेटा. म्हणूनच पुढच्या भिंतीशी कमोड आणि त्यामागे टाइल अशी रचना कधीही करू नका, पहिल्याच घाटात कमोडांचा भुगा होईल. जड माल भिंतीशी, हलका त्याच्या पाठीशी. रुंदीत दोन पॅलेटांनंतर उरणारी फट हवेच्या पिशव्यांनी भरता येते, मात्र त्या दाराला आणि नाजूक खोक्यांना टेकता कामा नयेत. कंटेनरच्या तळाच्या कड्या प्रत्येकी एक टन आणि वरच्या कड्या अर्धा टन ओढ सहन करतात. पट्टा कितीही मजबूत असला तरी कडी तितकीच.

भरताना तुमचा माणूस फोशानला नसेल, तर एक अट पुरवठादाराच्या करारात घाला : भरण्याच्या चार टप्प्यांचे फोटो हवेत. रिकामा डबा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, आणि दार बंद झाल्यावर सील क्रमांक स्पष्ट दिसणारा. ते आले नाहीत तर शेवटचा हप्ता द्यायचा नाही. बाकीचे बोलणे व्हॉट्सअॅपवर विरून जाते.

प्रश्न : टाइलसोबत टाइल-अॅडेसिव्हच्या पिशव्या, प्लायवूड, नळ आणि टाइल साफ करण्याचे अॅसिड आले तर काय बिघडते? पावसाळ्यात माल उतरणार आहे.
— हार्डवेअर विक्रेते, फोंडा

अॅसिडपासून सुरुवात करू, कारण तोच प्रश्न सर्वांत गंभीर आहे. टाइलवरचा सिमेंटचा डाग काढायला विकले जाणारे द्रावण बहुधा हायड्रोक्लोरिक अॅसिडचे असते. ते जहाजावर आठव्या वर्गातला, म्हणजे गंजवणारा, घातक माल म्हणून जाहीर करावे लागते. जाहीर न करता आलेला एक कॅन जरी गळला, तरी त्याची वाफ बंद डब्यात आठवडाभर फिरते आणि नळांच्या क्रोमवर बारीक टोचे पडतात. नळ बाहेरून चमकत राहतात, पण महिन्याभरात काळे ठिपके उगवतात आणि ग्राहक तुमच्याकडेच येतो. अॅसिड इथेच घ्या. तो परदेशातून आणण्यासारखा मालच नाही.

अॅडेसिव्हच्या पिशव्या सिमेंटच्या आधारावर असतात. कोरड्या असताना निरुपद्रवी, ओल्या झाल्या की अतिशय अल्कलीधर्मी, आणि अल्कली अॅल्युमिनियमला खाते. पिशवी फाटून भुकटी खिडक्यांच्या चौकटींवर पडली आणि तिथे दव आले, तर डाग घासून जात नाही, पावडर कोटिंगच उचलावे लागते. पिशव्या जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तळाशी, अॅल्युमिनियमपासून लांब, शक्यतो मध्ये टाइलची एक ओळ ठेवून. एवढी मेहनत घ्यायचीच असेल तर आधी हिशोब करा : अॅडेसिव्ह सहा ते बारा महिन्यांत मुदत संपणारा माल. दोन महिने वाटेत घालवून तो इथे आणण्यात काही फायदा उरतो का?

प्लायवूडचा प्रश्न ओलाव्याचा आहे. कंटेनरच्या छताला आतून दवाचे थेंब धरतात आणि खाली टपकतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पाणी येते कुठून हे नसते. हवेत पाणी असून असून किती असणार? ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे ३० ग्रॅम, म्हणजे ७६ घनमीटरमध्ये फार तर सव्वादोन किलो. खरे पाणी लाकडात असते. ६०० किलो पॅलेटचे लाकूड २० टक्के ओले असेल आणि वाटेत ते १५ टक्क्यांवर आले, तर पंचवीस किलो पाणी डब्यात सुटते. बादलीभर पाणी जणू कोणी आत ठेवून दिले. दिवसा पत्रा तापतो, लाकूड वाफ सोडते. रात्री पत्रा थंड होतो, वाफेचे पाणी होते आणि ते वरच्या खोक्यांवर पडते. नवी, ओल्या लाकडाची पॅलेट लावलीत तर शोषक पिशव्या कितीही टांगा, त्यांचा काही उपयोग नाही.

म्हणून लाकूड १८ टक्क्यांच्या आत असल्याची खात्री आधी, शोषक नंतर. कॅल्शियम क्लोराइडच्या दीड-दोन किलोच्या टांगत्या पट्ट्या २० फुटीला चार ते सहा, ४० फुटीला आठ ते दहा. त्यांच्याखाली प्लायवूड नसावे, कारण भरून ओसंडलेली पट्टी स्वतःच गळते. सर्वांत वरच्या थरावर साधा क्राफ्ट कागद पसरा, प्लॅस्टिक नको. प्लॅस्टिकवरचे पाणी कडेने घरंगळत पुढच्या खोक्यात जाते, कागद निदान थोडे शोषतो.

पावसाळ्याचे म्हणाल तर गोव्याच्या जून-सप्टेंबरमध्ये डबा रिकामा करताना दाराशी ताडपत्रीचा मांडव हवाच. डब्यातली हवा बाहेरच्या दमट हवेला भेटली की थंड टाइलवर लगेच पाणी सुटते; खोकी थोडी वाऱ्यावर ठेवून मग गोदामात चळत लावा. ओल्या खोक्यांची चळत तशीच रचली तर तळातली खोकी बसतात आणि टाइलचे कोपरे उडतात.

प्रश्न : थिनर, पॉलिशचे डबे, पीयू फोम आणि बॅटरीवरची ड्रिल मशिने टाइलच्या फटीत घालून आणली तर?
— सुतार, वास्को

तो अपघात स्वखर्चाने मागवणे आहे. थिनर आणि विद्रावकयुक्त रंग ज्वलनशील द्रव म्हणून, फटी भरायच्या पीयू फोमचा दाबाचा डबा ज्वलनशील वायूचा फवारा म्हणून, लिथियम बॅटरीचे यंत्र स्वतंत्र वर्गात, असे प्रत्येकाचे संयुक्त राष्ट्रांचे क्रमांक ठरलेले आहेत : अनुक्रमे १२६३, १९५० आणि बॅटरीसाठी बहुधा ३४८१. हे जाहीर करून आणता येतात, मात्र जहाज कंपनीची पूर्वपरवानगी, लेबल आणि वेगळा कागद लागतो. जाहीर न करता आढळले की संपूर्ण कंटेनर बाजूला काढला जातो आणि विमा तुमच्या बाजूने उभा राहत नाही. दोन डझन फोमच्या डब्यांसाठी १८ टन टाइल ओलीस ठेवू नका. इथल्या बाजारात फोम मिळतो.

प्रश्न : आम्ही म्हापशातले तिघे व्यापारी मिळून एक कंटेनर मागवणार आहोत. एकाचे प्लायवूड, एकाचे दिवे, एकाचे सॅनिटरीवेअर. कागद कोणाच्या नावावर करावेत? आणि एकाचा माल अडकला तर इतरांचे काय?
— तीन वाचकांची संयुक्त विचारणा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : इतरांचेही अडकते. डबा एक, सील एक, बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा जाहीरनामा) एक. त्यातला एक माल रोखला की बाकीचा बाहेर काढायला स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र तपासणी आणि वेळ लागतो. तोवर जहाज कंपनीचे डिटेन्शन आणि बंदराचे भाडे रोज वाढत राहते. डिटेन्शन रिकामा डबा परत देईपर्यंत चालते, भाडे जागेचे असते, आणि दोन्ही वेगवेगळ्या पावत्यांवर येतात. दोन्ही एकच समजून बसाल तर फसाल.

तुम्ही निवडलेल्या सामानांपैकी प्लायवूड आणि दिवे वेगवेगळ्या नियमांखाली येतात. प्लायवूडला भारतात गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे, म्हणजे कारखान्याकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना आणि मालावर आयएसआय खूण हवी. घरगुती एलईडी दिव्यांना बीआयएसची नोंदणी लागते, तिचा आर-क्रमांक दिव्यावर छापलेला असतो. सिमेंट आणि पीव्हीसी विद्युत तारा यांचीही अशीच बंधने आहेत. पुरवठादाराने "सर्टिफिकेट आहे" म्हटले की त्यावर समाधान मानू नका. परवाना कुठल्या कारखान्याच्या नावे आहे, कुठल्या मॉडेलला आहे आणि मुदत किती, हे तीन प्रश्न विचारा, आणि बीआयएसच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून स्वतः तपासा. फोशानच्या व्यापाऱ्याने शेजारच्या कारखान्याचा माल खोक्यात भरला तर परवाना कोणाचाही असो, काही उपयोग नाही. टाइल किंवा काच घालणार असाल तर त्यांनाही कुठले नियम आणि अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरचे जादा शुल्क) लागू आहे, हे माल भरण्याआधी कस्टम ब्रोकरकडून लेखी घ्या. तोंडी "चालतंय" हे बंदरावर कुणाच्या कामाचे नाही.

कागद कोणाच्या नावे? सरळ रस्ता असा : ज्याचा आयात-निर्यात क्रमांक आहे त्या एकाच व्यापाऱ्याने सर्व माल आयात करावा आणि बाकी दोघांना जीएसटी बिलाने विकावा. मात्र हे लक्षात घ्या की कस्टमच्या दृष्टीने सर्व मालाचा जबाबदार तोच. वर्गीकरण चुकले, किंमत कमी दाखवली, परवाना खोटा निघाला, नोटीस त्याच्याच नावे येते. म्हणून तुमच्यात लेखी करार असू द्या, ज्यात शुल्क कोणत्या मालाचे किती, डिटेन्शनचा भार कोणाच्या मालामुळे पडला तर कोणावर, आणि तुटलेल्या टाइलचा तोटा कोणाचा हे स्पष्ट असेल. दुसऱ्याचे नाव आणि तुमचा माल अशी गुपचूप व्यवस्था करू नका.

इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर प्रत्येक मालाचा शुल्क-क्रमांक स्वतंत्र हवा : टाइल ६९०७, सॅनिटरीवेअर ६९१०, नळ ८४८१, अॅल्युमिनियमच्या खिडक्या ७६१०, सुटे प्रोफाइल ७६०४, दिवे ९४०५, प्लायवूड ४४१२. "बिल्डिंग मटेरियल, ७०० खोकी" असा एकच ठोक आकडा लिहिलेला इन्व्हॉइस म्हणजे अधिकाऱ्याला सगळे खोलायचे आमंत्रणच. पॅकिंग लिस्टमध्ये कुठले खोके पुढे, मध्ये की दाराशी हेही लिहा. तपासणीत नमुना काढायचा झाला तर १८ टन टाइल बाहेर काढावी लागत नाही. ज्या मालाच्या परवान्याची थोडी जरी शंका आहे तो दाराशी ठेवा, किंवा त्याहून बरे, त्या एकाच मालासाठी वेगळे एलसीएल करा, म्हणजे इतरांच्या मालासोबत दुसऱ्या डब्यात जागा घ्या. एलसीएलमध्ये घनमीटरमागे भाडे जास्त पडते, खरे. पण अडकलेला डबा त्याहून महाग पडतो.

बिल ऑफ एंट्री जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावे लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार रुपये आणि पुढे रोज दहा हजार रुपये शुल्क. कागद पुरवठादाराकडून जहाज निघाल्यानंतर आठवड्याभरात मागवून घ्या, त्यात चूक सापडली तर दुरुस्तीला वेळ राहतो.

प्रश्न : मस्कतमधल्या एका गोंयकाराच्या घरासाठी इथून मंगळुरी कौले, सुट्टे चिरे, सागवानी दारे आणि पीव्हीसी पाइप एकत्र पाठवायचे आहेत. काय काळजी घ्यावी?
— निर्यातदार, वेर्णे

चिऱ्यांपासून सुरुवात करा. ताजा खाणीतून निघालेला जांभ्याचा चिरा पाण्याने भरलेला असतो. भारतीय मानकात तो वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतो. म्हणजे पाच टन चिरे भिजून सहाशे किलो पाणी घेऊन बसू शकतात. असे चिरे सागवानी दारांबरोबर कोंडले तर दारे फुगतात, चौकटीत अडकतात आणि पॉलिश पांढरे पडते. चिरे पाऊस थांबल्यावर किमान चार-सहा आठवडे हवेशीर चळतीत वाळू द्या, आणि दारे प्लॅस्टिकमध्ये नव्हे तर फोम आणि जाड पुठ्ठ्यात गुंडाळून मागच्या बाजूला उभी ठेवा. शक्य असेल तर चिरे वेगळे पाठवणे सर्वांत चांगले. ही तडजोड करण्यासारखी बचत नाही असे आमचे मत.

कौले आडवी रचू नयेत, कडेवर उभी, प्रत्येक ओळीमध्ये गवताऐवजी पुठ्ठ्याची पट्टी. सुके गवत, पेंढा, नारळाची सोडणे हे सगळे तिकडच्या वनस्पती-तपासणीत अडकू शकते. पॅलेट आणि टेकूचे लाकूड आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेले हवे : लाकडाचा गाभा ५६ अंशांवर किमान तीस मिनिटे, आणि त्यावर एचटी अक्षरांचा शिक्का. आपल्या सॉमिलमध्ये फळ्या स्वस्तात मिळतात म्हणून शिक्क्याविना टेकू लावला, तर डबा तिथे थांबतो. पाइप सहा मीटरचे असतील तर २० फुटीत बसणार नाहीत, ते लक्षात ठेवा.

भरलेल्या डब्याचे प्रमाणित वजन जहाज कंपनीला कळवणे १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचे आहे. ते न मिळाल्यास डबा जहाजावर चढवत नाहीत. एकतर भरल्यावर वजनकाट्यावर तोला, नाहीतर प्रत्येक माल, पॅलेट आणि टेकू स्वतंत्र तोलून त्यात डब्याचे वजन मिळवा. चिऱ्यांत ही दुसरी पद्धत धोक्याची. सकाळी तोललेले चिरे दुपारी पावसात भिजून भरले तर आकडा खोटा पडतो.

प्रश्न : आमच्या गावात अरुंद रस्ता आहे, ४० फुटी ट्रेलर वळत नाही. माल उतरवायचा कसा?
— घरमालक, काणकोण

४० फुटी ट्रेलर घेऊन गावात शिरण्याचा प्रयत्न करू नका. डबा वेर्णे किंवा मोठ्या रस्त्यालगतच्या एखाद्या गोदामात थांबवून तिथून टेम्पोने फेऱ्या करा. डब्याचा तळ रस्त्यापासून जवळजवळ दीड मीटर उंच असतो. धक्का नसेल तर फोर्कलिफ्ट दाराशी असलेलेच पॅलेट उचलेल, आतली पॅलेट ढकलत आणायला पॅलेट-जॅक आणि डब्यात शिरण्याचा रॅम्प लागतो. नसेल तर सगळी खोकी हातानेच. सहाशे खोक्यांना सहा हमालांना अर्धा दिवस धरा, आणि त्यात टेम्पोची वाट पाहण्याचा वेळ वेगळा.

दार उघडताना एकदम दोन्ही पाने उघडू नका. आधी सील क्रमांक बिल ऑफ लेडिंगशी, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीशी, ताडा आणि फोटो काढा, मग उजवे पान थोडेच किलकिले करून आत वाकून पाहा, दाराला रेलून बसलेले खोके अंगावर येऊ शकते. पहिला माल हलवण्याआधी आतल्या स्थितीचे फोटो घ्या. विम्याचा दावा करायचा झाला तर हेच फोटो मागतात, आणि टाइलसाठी "सर्व धोके" प्रकारचा, म्हणजे कार्गो क्लॉज ए, विमाच घ्यावा. तरीही पॅकिंगमध्येच खोट असेल, तर त्या प्रकारातही भरपाई मिळत नाही. फुटलेली टाइल फेकून न देता खोक्यासकट बाजूला ठेवा, विम्याचा सर्वेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत.